धीर देणाऱ्याची जागा : पर्पेतुआच्या तुरुंगातल्या नोंदी

मागच्या व्याख्यानात आपण एपिक्टेटस पाहिला. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, यांतला फरक ओळखावा, हे त्याचे मुख्य सांगणे. त्यावर पुष्कळांचे निरोप आले, बहुतेक कौतुकाचे. म्हणून आज सुरुवातीलाच एक कबुली द्यावीशी वाटते. याच एपिक्टेटसला हाताशी धरून आम्ही एकदा चांगलीच चूक केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी. आता मुलगी कसली, चाळिशीची बाई. लग्नानंतर एका लहान गावात राहते, शिवणकाम करते. गावाचे नाव सांगत नाही. तिच्या घरी दर रविवारी दहा-बारा बायका प्रार्थनेला जमत. एका रविवारी काही माणसे आली आणि त्यांनी प्रार्थना बंद पाडली. मग दूधवाला येईनासा झाला. शिवायला कपडे येईनात. शेजारणी बोलेनाशा झाल्या. फोनवर ती म्हणाली, "सर, बायका घाबरल्यात. त्यांना धीराचे चार शब्द हवेत. तुम्ही काही लिहून द्याल का?"

आम्ही लिहिले. चांगले तीन पानी पत्र लिहिले. त्यात एपिक्टेटस होता, विषाचा पेला हातात घेतलेला सॉक्रेटिस होता, तुरुंगात बसून तत्त्वज्ञानाशी संवाद करणारा बोएथियस होता. पत्र टाकून आलो तेव्हा, खरे सांगायचे तर, स्वतःवर जरा खूश होतो. आठ दिवसांनी तिचा निरोप आला : "सर, पत्र मिळालं. फार छान लिहिलंय. तुमच्या ओळखीत कोणी वकील आहे का?"

या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले ते पन्नास वर्षांच्या अध्यापनाने शिकवले नव्हते. श्रद्धेपायी ज्या बाईला त्रास होतो आहे, तिला धीर द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? आणि जे धीर देण्यासाठी म्हणून लिहिले जाते, ते चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचे? आज हा प्रश्न आपण दोन जुन्या लिखाणांना विचारणार आहोत. दोन्ही एकाच शहरातली, दोन्ही लॅटिनमधली, आणि दोहोंमध्ये अंतर फार तर काही वर्षांचे. शहर आहे कार्थेज, आजच्या ट्युनिशियातले. काळ आहे इसवी सन २०० च्या आसपासचा, म्हणजे रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोक लहानसे आणि संशयित अल्पसंख्य होते तेव्हाचा.

पहिले लिखाण टर्टुलियनचे. हा मोठा वक्ता, लॅटिनमध्ये ख्रिस्ती विचार मांडणाऱ्या पहिल्या थोर लेखकांपैकी एक. तुरुंगात शिक्षेची वाट पाहणाऱ्या ख्रिस्ती कैद्यांना उद्देशून त्याने एक छोटे पत्र लिहिले. ते साधारण १९७ च्या सुमाराचे मानतात. हे पत्र वाचले की आम्हाला आमचे तीन पानी पत्र आठवते. फरक एवढाच, की तो आमच्यापेक्षा फार चांगला लिहितो.

त्याचा युक्तिवाद असा. हे जगच मुळात मोठा तुरुंग आहे. तेव्हा तुम्ही तुरुंगात गेला नाहीत, तुरुंगातून सुटलात. तिथे अंधार असेल, पण तुम्ही स्वतःच उजेड आहात. तिथे दुर्गंधी असेल, पण तुम्ही सुगंध आहात. मन वर स्वर्गात असले की पायाला खोडा जाणवत नाही. एकेका दुःखाच्या समोर एकेक अलंकार. मग तो कैदेतल्या स्त्रियांकडे वळतो आणि सांगतो की तुम्हीही आपल्या स्त्रीजातीला शोभेसे वागा. पुढे उदाहरणांची यादी येते, आणि तीत बायका पुष्कळ आहेत : स्वतःला भोसकून घेणारी लुक्रेशिया, अग्नीत गेलेली डिडो, सर्पदंश करून घेणारी क्लिओपात्रा. एवढ्या साऱ्या जणींनी खोट्या कीर्तीसाठी मरण पत्करले, तर तुम्ही खऱ्या गोष्टीसाठी का पत्करू नये, असा त्याचा सवाल.

आता या पत्रावर सरसकट टीका करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. टर्टुलियन प्रामाणिक आहे. पत्राच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की तुमच्या शरीराला लागणारे अन्न मंडळी पुरवते आहे, एकेक बंधू आपल्या खिशातून पुरवतो आहे. माझ्याकडून आत्म्यासाठी थोडेसे घ्या. म्हणजे आधी अन्न आणि मग शब्द, हा क्रम त्याला ठाऊक आहे. आम्ही तो विसरलो होतो. आणखी एक गोष्ट तो मोकळेपणाने मांडतो. तुम्हाला उपदेश करण्याची माझी योग्यता नाही, हे तो आधी सांगतो. पण आखाड्यातल्या पट्टीच्या योद्ध्यांनाही त्यांचे उस्तादच तेवढे चेव देतात असे नाही, लांब बसलेले अडाणी प्रेक्षकही ओरडून देतातच, असे म्हणतो.

बघा, त्याने स्वतःची जागा स्वतःच सांगितली. ती प्रेक्षकांतली जागा आहे. तिथून आवाज पोचतो, पण तिथून वास येत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसे दुरून तुरुंगही साजरे दिसू लागतात. तुम्ही सुगंध आहात, हे वाक्य लिहायला कोठडीच्या बाहेर बसावे लागते.

आता दुसरे लिखाण पाहू. २०३ साली कार्थेजला काही तरुण पकडले गेले. बाप्तिस्म्याची तयारी करत असलेले हे लोक. त्यांत विबिया पर्पेतुआ नावाची साधारण बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली स्त्री होती. तिच्या अंगावर पिणारे मूल होते. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची एक गुलाम स्त्री होती, गरोदर. ७ मार्चला, सम्राट सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या खेळांत, त्यांना जनावरांपुढे सोडून ठार करण्यात आले. या साऱ्याची हकीकत ज्या पुस्तिकेत आहे, तिचा मधला मोठा भाग पर्पेतुआने स्वतः तुरुंगात लिहिलेला आहे. संपादकाने तसे स्पष्ट सांगितले आहे. प्राचीन ख्रिस्ती जगातून स्त्रीच्या हातचे जे थोडेसे लिखाण आपल्यापर्यंत आले, त्यातले हे अगदी सुरुवातीचे.

ही बाई तुरुंगाविषयी काय लिहिते? ती लिहिते की आपण घाबरलो, कारण असा अंधार पूर्वी कधी पाहिला नव्हता. गर्दीमुळे भयंकर उकडत होते. शिपाई पैसे उकळत होते. आणि या सगळ्यावर मुलाची काळजी जिवाला कुरतडत होती. बस. उजेड आणि सुगंधाची भाषा इथे नाही. आपण घाबरलो हे सांगण्याची तिला लाज वाटत नाही.

मग तिला धीर कसा आला? इथे आम्ही तुम्हाला जरा थांबायला सांगू, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. टर्टियस आणि पॉम्पोनियस नावाचे दोन डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, कैद्यांची देखभाल करत होते. त्यांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले. लाच दिली म्हणा ना! त्यामुळे या कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात मोकळे बसता आले. तिथे पर्पेतुआने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजले. आईशी बोलली, भावाला समजावले, मुलाला त्यांच्या हाती सोपवले. पुढे मुलाला आपल्याजवळ ठेवायची परवानगी तिने मिळवली. आणि मग ती लिहिते की आपल्याला एकदम बरे वाटले, तुरुंग राजवाड्यासारखा झाला, दुसरीकडे कुठे जावेसेही वाटेना.

तुरुंगाचा राजवाडा टर्टुलियनच्या पत्रातही झाला आहे, पण तो अलंकाराने. इथे तो झाला हवेने, दुधाने आणि मूल मांडीवर आल्याने. दोन्ही वाक्ये कागदावर सारखीच दिसतील. एकाच्या मागे युक्तिवाद आहे, दुसऱ्याच्या मागे दोन माणसांनी केलेली खटपट आहे. त्या दोघा डीकनांनी काही उपदेश केला असेल तर तो पर्पेतुआने नोंदवलेला नाही. त्यांनी काय केले तेवढे नोंदवले.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही आता अध्यात्माला बाजूला सारून सगळे दूध-पाण्यावर आणता आहात. ही बाई तर दृष्टान्तांवर जगली! आक्षेप बरोबर आहे. तिच्या नोंदींत चार दृष्टान्त आहेत आणि ते काढले तर लिखाण अर्धेही उरणार नाही. पण ते कशाचे बनले आहेत ते पाहा. पहिल्यात एक अरुंद शिडी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना शस्त्रे लावलेली, पायथ्याशी अजगर. वर गेल्यावर काय भेटते, तर मेंढ्यांचे दूध काढणारा एक म्हातारा मेंढपाळ. तो तिला दुधाच्या घट्ट गोळ्याचा घास देतो. जागी होते तेव्हा तोंडात गोडवा असतो. जी बाई दिवसभर बाळाच्या दुधाच्या काळजीत आहे, तिच्या स्वर्गातही दूधच आहे.

दुसरे उदाहरण. तिचा दिनोक्रातेस नावाचा भाऊ सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या भयंकर रोगाने वारला होता. तो तिला दिसतो : तहानलेला, मळलेला. समोर पाण्याने भरलेला हौद आहे, पण काठ त्याच्या डोक्यापेक्षा उंच. पोर टाचा उंचावते, हात पोचत नाही. पर्पेतुआ त्याच्यासाठी दिवसरात्र प्रार्थना करते. काही दिवसांनी तो पुन्हा दिसतो. हौदाचा काठ खाली, पोराच्या बेंबीपर्यंत आलेला असतो. तो पोटभर पितो आणि लहान मुलासारखा खेळायला निघून जातो.

आम्हाला या सबंध पुस्तिकेतले हे सगळ्यात मोलाचे चित्र वाटते. मूल उंच झाले नाही, काठ खाली आला. धीर देणारे बहुतेक लिखाण नेमके उलटे करते. ते काठ होता तिथेच ठेवते आणि तहानलेल्याला सांगते : टाचा आणखी उंच कर, यात तुझी परीक्षा आहे, तुझ्या आधी कितीतरी जणींनी केल्या. पर्पेतुआने आपल्या भावाला असला उपदेश केला नाही.

म्हणून आशेला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पर्पेतुआची आशा तिची स्वतःची होती. ती तिच्या शरीरातून, घरातून, आठवणींतून आली होती. ती कुणी बाहेरून शिवून आणून तिच्या अंगावर चढवली नव्हती.

बाहेरून चढवण्याचे काम पुढे झाले, आणि तेही याच पुस्तिकेत. शेवटच्या दृष्टान्तानंतर पर्पेतुआ लेखणी खाली ठेवते. आखाड्यात काय घडेल ते ज्याला हवे त्याने लिहावे, असे म्हणून थांबते. तिथून संपादक पुढे लिहितो. तो श्रद्धावान आहे, त्याला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. पण नजर बदलते, ते लगेच कळते. पिसाळलेल्या गायीने उडवल्यावर पर्पेतुआने आधी फाटलेले वस्त्र मांडीवर ओढून घेतले, कारण तिला वेदनेपेक्षा लाजेची चिंता, असे तो सांगतो. मग तिने केसांची पिन मागितली. स्वतःच्या नोंदींत अंगावर पाजण्याविषयी इतक्या साधेपणाने लिहिणारी बाई संपादकाच्या हातात गेल्याबरोबर विनयाची मूर्ती होते.

आणि फेलिसितास? तिला तर एकही नोंद लिहिता आली नाही. तिच्याविषयी सगळे संपादकाकडूनच कळते. गरोदर स्त्रीला ठार मारायला कायद्याने मनाई होती. म्हणून आपली शिक्षा लांबेल, आपल्या माणसांच्या मागे आपण एकट्या उरू, याची तिला भीती होती. आठव्या महिन्यात ती तुरुंगात बाळंत झाली. कळांनी ओरडली तेव्हा पहाऱ्यावरचा एक जण म्हणाला, आत्ता ओरडतेस, जनावरांपुढे काय करशील? तिने उत्तर दिले की आत्ता जे सोसते आहे ते माझे मी सोसते आहे. तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल. हे उत्तर शतकानुशतके उद्धृत होत आले. पण त्याच परिच्छेदात एक छोटे वाक्य आहे : तिला झालेली मुलगी मंडळीतल्या एका बहिणीने स्वतःची म्हणून वाढवली. त्या बहिणीचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. आमच्या मते, फेलिसितासला खरा धीर जिने दिला असेल ती ही बाई.

दोनशे वर्षांनी संत ऑगस्टीनने या दोघींच्या स्मृतिदिनी प्रवचने केली. त्यांच्या नावांवर त्याने श्लेष केला, कारण लॅटिनमध्ये दोन्ही नावे जोडली की अखंड सुख असा अर्थ होतो. आणि दुबळ्या समजल्या जाणाऱ्या स्त्रीजातीत पुरुषी धैर्य प्रकटले, म्हणून त्याने त्यांची स्तुती केली. स्तुतीच आहे, नाही कशाला म्हणा. पण अंधार, उकाडा, पैसे खाणारे शिपाई, मलूल बाळ यांतले काय उरले? श्लेष उरला. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना फक्त उजेड दिसतो.

एका बाजूविषयी आपण अजून बोललो नाही. ती म्हणजे छळ करणाऱ्यांची. पर्पेतुआच्या नोंदींत न्यायाधीश हिलारियानस आहे, पण त्याच्या वाट्याला फार ओळी नाहीत. सर्वांत जास्त जागा मिळाली आहे तिच्या बापाला. तो ख्रिस्ती नाही. आधी तो रागाने अंगावर येतो. मग गयावया करतो. पिकल्या केसांची शपथ घालतो, तिचे हात मुके घेतो, पाया पडतो, आणि मुलगी म्हणायचे सोडून तिला बाईसाहेब म्हणतो. भर न्यायालयात नातवाला घेऊन उभा राहतो : या पोराची तरी कीव कर. तिथे न्यायाधीश त्याला छडीने मारायला लावतो, आणि पर्पेतुआ लिहिते की तो मार जणू मलाच बसला.

छळाविषयीच्या धार्मिक लिखाणात शत्रू सहसा काळाकुट्ट असतो. तसा तो रंगवला की धीर देणे सोपे जाते. पण अल्पसंख्य समाजातल्या स्त्रीचा अनुभव पुष्कळदा असा नसतो. दार बंद करणारा हात ओळखीचा असतो. बाप असतो, सासू असते, जिच्याकडून विरजण आणायचो ती शेजारीण असते. अशा बाईला, समोर शत्रू आहे, खंबीर राहा, एवढेच सांगितले तर तिचे अर्धे दुःख आपण ऐकलेच नाही असे होते.

पर्पेतुआच्या बापाने रोजनिशी लिहिली असती तर? हा प्रश्न आम्हाला मराठीकडे घेऊन येतो, कारण त्या जातीचे एक पुस्तक आपल्याकडे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. तिला आपण विनोदासाठी, भाषेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तिची रचना पाहा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिलेल्या माणसांत होत्या. ज्यांचे जग कोसळले, जे रडले, जे संतापले, त्यांत त्या होत्या. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या त्या सोवळे सांभाळत आल्या, आणि आपल्या पायांनी, आपल्या वेगाने विचार करत १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. म्हणजे एकाच बाईने दोन्ही काठांवरून लिहिले. म्हणून तिच्या पुस्तकात राक्षस नाही. नातेवाईक आहेत, त्यांची माया आहे, त्यांचा दुराग्रह आहे, आणि या सगळ्यांकडे, स्वतःकडेही, हसून पाहण्याची ताकद आहे. बहिष्काराचा घाव सोसणाऱ्या कुणाही बाईच्या हाती एक मराठी पुस्तक द्यायचे झाले तर आम्ही हे देऊ. त्यात उपदेश जवळजवळ नाही, म्हणूनच देऊ.

आता आपल्या काळात येऊ, म्हणजे हा केवळ जुन्या ग्रंथांचा विचार राहणार नाही. पाकिस्तानातल्या पंजाबात, शेखुपुरा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जून २००९ मध्ये आसिया बीबी नावाची ख्रिस्ती शेतमजूर स्त्री इतर बायकांबरोबर फालसे तोडत होती. तिने पाणी आणले. ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी आम्ही पिणार नाही, असे इतर बायका म्हणाल्या. भांडण झाले. त्यातून तिच्यावर ईशनिंदेचा आरोप आला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. पाणी कुणाच्या हातचे, हा प्रश्न महाडचे चवदार तळे ज्या राज्यात आहे त्या राज्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

तिच्या बाजूने बोलल्यामुळे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ४ जानेवारी २०११ रोजी मारले गेले, आणि त्यांना मारणारा त्यांचाच अंगरक्षक होता. ईशनिंदेच्या कायद्याला विरोध करणारे ख्रिस्ती मंत्री शाहबाझ भट्टी त्याच वर्षी २ मार्चला मारले गेले. तासीर मुसलमान होते, हे ध्यानात ठेवा. ते तिला भेटायला तुरुंगात गेले होते. प्रेक्षकांतली जागा सोडून खाली उतरणे म्हणजे काय, त्याची किंमत काय, हे यावरून कळते.

जगभर आसिया बीबीसाठी प्रार्थना झाल्या, मोर्चे निघाले, तिचे चित्र फलकांवर आले. आम्ही त्याची किंमत कमी करत नाही. त्या आवाजामुळे तिचा विसर पडला नाही. पण ती सुटली ती ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. वकील सैफुल मलूक, तेही मुसलमान, तिच्यासाठी उभे राहिले होते. न्यायालयाने साक्षींतल्या विसंगती एकेक करून दाखवल्या आणि आरोप सिद्ध होत नाही असे म्हटले. पुढे मे २०१९ मध्ये ती कॅनडात पोचली. साक्षी तपासणे हे नीरस काम आहे. त्यावर कुणी स्तोत्र रचत नाही. पण हौदाचा काठ खाली आणण्याचे काम असेच असते.

मग धीर देणाऱ्या लिखाणाची पारख कशावरून करायची? आम्ही तीन प्रश्न सुचवतो.

पहिला : लिहिणारा कुठे बसला आहे, हे तो कबूल करतो का? टर्टुलियनने केले, म्हणून त्याच्याविषयी आमच्या मनात आदर उरतो. आमच्या तीन पानांत ते कुठेच नव्हते.

दुसरा : ज्या बाईला धीर द्यायचा तिचे स्वतःचे म्हणणे त्यात आहे का, की तिचे नुसते उदाहरण झाले आहे? घाबरले असे म्हणायची तिला मुभा आहे का? जे लिखाण भीतीला जागा देत नाही ते धीरही देऊ शकत नाही, कारण जिला भीती नाही तिला धीर हवा कशाला?

तिसरा : हे लिखाण सोसणे वाढवते की सोसायला लावणारी परिस्थिती कमी करते? धीर आणि सहनशीलता यांत आपण फार घोळ घालतो. बायकांच्या बाबतीत तर पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. पर्पेतुआ सहनशील नव्हती. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने कैद्यांचे हाल वाढवले तेव्हा तिने त्याला तोंडावर विचारले, की आम्ही सीझरच्या वाढदिवसाला लढणार, तर आम्ही जरा धडधाकट दिसलो तर त्यात तुमचीच शोभा नाही का? अधिकारी ओशाळला, आणि त्याने जेवण व भेटीगाठी सुरू केल्या. मरणाला तयार असलेली बाई जेवणासाठी भांडली. या दोन गोष्टींत विरोध नाही.

मार्टिर हा शब्द आपण हुतात्मा असा करतो, मराठी ख्रिस्ती परंपरेत रक्तसाक्षी असाही करतात. दुसरा जास्त नेमका, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार. साक्षीदार सांगतो आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. आपण उलट करतो. साक्षीदाराला गप्प करून त्याला भाषण देतो.

आता त्या विद्यार्थिनीचे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचारालच. आमचा एक जुना विद्यार्थी वकील आहे. त्याला फोन केला. त्याने तिला पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल? म्हणाला, "ताई, एक वही घ्या. रोज काय झालं, कोण आलं, काय बोललं, तारखेनिशी लिहा. आपल्याला वाटलं ते नको, घडलं ते लिहा." मग त्याने अर्ज केले, दोनदा स्वतः गेला, तिला घेऊन अधिकाऱ्यांना भेटला. घटनेच्या कलम २५ विषयी आम्हीही वर्गात बोललो होतो. ते कुणापुढे, कुठल्या कागदावर मांडायचे ते त्याला माहीत होते. काही महिन्यांनी रविवारची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. पूर्वी बारा जणी येत, आता सात येतात. सगळे पूर्ववत झाले असे आम्ही म्हणणार नाही.

पुढे ती भेटायला आली तेव्हा ती वही बरोबर होती. आम्ही विचारले, बघू का? तिने दिली. बहुतेक नोंदी एकेका ओळीच्या. एका मंगळवारी एवढेच होते : आज दूध आले. आम्ही बराच वेळ त्या पानावर थांबलो. मग जरा भीत भीत विचारले, "आमचं पत्र वाचलंस का गं नंतर?" ती हसली. म्हणाली, "दोन पानं वाचली, सर. रात्री झोप येत नव्हती तेव्हा बरी वाटली. तिसरं राहिलंय अजून."

तेव्हा शब्द अगदीच वाया जात नाहीत. त्यांची पाळी नंतर येते, एवढेच. तुमच्यापैकी कुणी अशा बायकांसाठी लिहीत असाल, बोलत असाल, प्रार्थना करत असाल, तर जरूर करा. फक्त आधी विचारा, की दूध येतंय का. आणि ज्या भगिनी स्वतः या त्रासातून जात आहेत आणि हे ऐकत आहेत, त्यांना उपदेश करण्याची आमची योग्यता नाही. एक विनंती मात्र आहे : वही घाला. तारीख टाका. घाबरला असाल तर घाबरलो असे लिहा. अठराशे वर्षांपूर्वी एकीने लिहिले म्हणून आज आपल्याला तुरुंगातला अंधार कळला.

पुढच्या वेळी बोएथियस घेऊ. त्याने लिहिले ते कोठडीच्या आत बसून, म्हणून त्याच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलावे लागेल. आज इथे थांबतो.